साहेबांचा वळसा

"आता बघा. इथून वळेल," गजभिये मॅडम हळूच म्हणाल्या.

कुत्रा स्वयंपाकघराच्या दारातून हॉलमध्ये आला. पांढरा, म्हातारा, फार तर सहा किलोचा. चार पावलं सरळ चालला, थांबला, डावीकडे वळला. मोकळ्या फरशीवरून अर्धगोल वळसा घालून पलीकडे गेला आणि पुन्हा आपल्या सरळ रेषेवर आला. मधे काहीच नव्हतं. टेबल नाही, खुर्ची नाही, साधी सतरंजीसुद्धा नाही. मी उठलो, त्या जागी गेलो, अनवाणी पायाने फरशी चाचपून पाहिली. ओल नव्हती, मुंग्या नव्हत्या, कसला वासही नव्हता.

"सकाळपासून सात वेळा," मॅडम म्हणाल्या. "सातही वेळा इथंच. डॉक्टर, इथं यांची खाट होती."

'यांची' म्हणजे त्यांच्या मिस्टरांची. ते जाऊन दोन वर्षं झाली होती.

आधी माझ्याबद्दल सांगतो. मी गुरांचा डॉक्टर. सगळी सरकारी नोकरी वर्धा जिल्ह्यात झाली आणि त्यातला बराच काळ माझा उजवा हात खांद्यापर्यंत कोणाच्या तरी गायीच्या पोटात होता. रिटायर झाल्यावर वर्ध्यात छोटा दवाखाना उघडला. वाटलं होतं शेळ्या येतील. येतात पग आणि पामेरियन. या लहान कुत्र्यांचा मला मनापासून राग होता. गाय दुखलं तर गप्प उभी राहते. हे सुई दिसण्याआधीच रडतात.

हा कुत्रा मात्र रडला नव्हता. पल्लवी नावाची एक प्राणीमित्र मुलगी आहे, जखमी जनावरं उचलून आणते. तिला तो सिंदी रेल्वे या गावात सापडला होता, एका पानठेल्याच्या फळीखाली. मी तपासलं. दातांवरून वय बारा-तेरा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. डोळ्यांपुढून कापसाचा बोळा सोडला. ही आमची साधी परीक्षा. कापूस आवाज करत नाही, वारा लावत नाही, म्हणून दिसणारं जनावर तेवढं मान फिरवतं. याने फिरवली नाही. पूर्ण आंधळा.

"मालक कोण?" मी विचारलं.

"पानठेलेवाल्याले विचारलं मी, सर. तो म्हणे कोण्या बाबाचा हाय. पण ते गेले म्हणे."

केस पेपरवर एक रकाना असतो, हिस्टरी. म्हणजे जनावर माझ्यापर्यंत येण्याआधी त्याचं काय काय झालं ते. त्यात मी इंग्रजीत लिहिलं, 'ओनर एक्स्पायर्ड'. सही केली.

म्हातारं, आंधळं जनावर कोणी घेत नाही. पिल्लांसाठी रांग लागते. दीड महिना तो पल्लवीच्या गच्चीवर होता. मग गजभिये मॅडम आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, विज्ञान शिकवायच्या, पवनार रोडला स्वतःचं घर. मुलगा समीर पुण्यात. तो रोज फोनवर 'एकटी राहू नकोस, इकडे ये' म्हणून मागे लागलेला. मॅडमना जायचं नव्हतं.

"त्याला सांगते, आता एकटी नाही," त्या म्हणाल्या. "आणि पिल्लू नकोच मला. पळापळ होत नाही. आम्ही दोघं एका चालीनं चालू."

मी नेहमीच्या सूचना दिल्या. आंधळं कुत्रं घर पाठ करतं. सामान हलवू नका. पंधरा दिवस धडपडेल, घाबरू नका.

तो पंधरा मिनिटंही धडपडला नाही. पहिल्या दिवशी खाली ठेवल्या ठेवल्या हॉलमधून स्वयंपाकघरात गेला, तिथून मोरीत, उंबऱ्याशी बरोबर पाय उचलून. मॅडमनी कौतुकाने फोन करून सांगितलं. मीही खूश झालो. तेव्हाच कान टवकारायला हवे होते.

आठवड्याने दुसरा फोन आला, तो या वळशाचा. म्हणून मी त्यांच्या घरी जाऊन फरशी चाचपत होतो.

"अजून आहे," मॅडम म्हणाल्या आणि मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. फ्रिजशेजारी कोरी भिंत होती. तिच्या तळाशी, वीतभर उंचीवर, रंग खरवडलेला.

"रोज सकाळी इथं येतो, नखांनी खाजवतो, बाहेर सोडा म्हणून. डॉक्टर, इथं दार होतं. मागच्या अंगणात उघडायचं. माकडं घरात शिरायची म्हणून यांनीच विटा लावून बंद करून घेतलं. समीर तेव्हा शाळेत होता."

मी भिंतीवरून हात फिरवला. प्लास्टर गुळगुळीत. दार होतं हे मला सांगूनही कळलं नसतं.

"आणि नाव," त्या म्हणाल्या. "मी ह्याला मोती म्हणते. कान हलवत नाही. परवा मी फोटोपुढं उभी राहून नेहमीसारखं म्हटलं, 'साहेब, पाऊस येतोय हो.' मी यांना साहेबच म्हणायची. तर हा दुसऱ्या खोलीतून शेपटी हलवत आला."

त्यांनी मला करून दाखवलं. "मोती." काही नाही. मग हळूच, "साहेब." म्हातारा कुत्रा धडपडत उठला आणि पांढरे डोळे आवाजाकडे वळवून उभा राहिला. माझ्या अंगावर काटा आला. सकाळचे साडेदहा वाजले होते, अंगणात लख्ख ऊन होतं, शेजारी मिक्सर चालू होता.

भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोखाली बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या होत्या. मॅडमनी तिकडे बोट केलं. "आम्ही देव मानत नाही, तिथं भूत कुठून मानू? चाळीस वर्षं पोरांना शिकवलं मी, की नसतं. मला सांगा, हा रोग आहे. नाव सांगा त्याचं."

मी नाव सांगितलं. माणसाला होतो तसा कुत्र्यालाही म्हातारचळ होतो. मेंदू थकतो, दिवस-रात्र उलटी होते, जनावर कोपऱ्यात तोंड घालून उभं राहतं, नाही त्या ठिकाणी दार शोधतं. मी गोळ्या लिहून दिल्या. पण लिहिताना हेही कळत होतं, की म्हातारचळ लागलेलं जनावर वाट विसरतं. याला तर वाट पाठ होती.

निघणार तेवढ्यात अकराचा सुमार झाला. कुत्रा त्या रिकाम्या जागेच्या कडेला गेला आणि बसला. मान वर केली. मग मान उजवीकडे झुकवली, डोळे मिटले, आणि मागचा पाय जमिनीवर आपटायला लागला. कुत्र्याला कानामागे खाजवलं की पाय असा आपोआप आपटतो. कोणीतरी खाजवावं लागतं.

मिनिटभराने तो उठला, अंग झटकलं आणि निघून गेला.

त्यानंतर मॅडमचे फोन बंद झाले. मला वाटलं गोळ्या लागू पडल्या. महिन्याभराने समीरचा फोन आला.

"डॉक्टर, आई बरी आहे ना? फोनवर बोलता बोलता मधेच कोणालातरी म्हणते, 'थांबा, समीरशी बोलतेय.' रविवारी विहारात जायची, तेही सोडलंय. घराबाहेरच पडत नाही म्हणे. मी पुढच्या रविवारी येतोय, घेऊन जातो तिला. घर बंद करतो. त्या कुत्र्याचं तेवढं बघा कुठेतरी."

मी मॅडमकडे गेलो. त्या छान दिसत होत्या. इस्त्रीची साडी, केस नीट बांधलेले. रिकाम्या जागेच्या कडेला त्यांनी स्वतःसाठी एक खुर्ची आणून ठेवली होती.

"गोळ्या मी देणं बंद केलं," त्या म्हणाल्या. "रागवू नका. अकराला आम्ही तिघं बसतो."

रागवणार कुठून? समीर आईला नेणार होता, मॅडम इथून हलणार नव्हत्या, कुत्र्याला पुन्हा पानठेल्याची फळी. आणि या सगळ्याला औषध माझ्याकडे नव्हतं.

गुरुवारी सिंदी रेल्वेहून बोलावणं आलं. गाय व्याली होती, पण वार पडली नव्हती. वार म्हणजे वासरू पोटात असतं तेव्हाचं त्याच्याभोवतीचं वेष्टण. ती आत राहिली तर सडते आणि गाय जाते. घराच्या मागच्या अंगणात गाय बांधलेली. तासभर खपून काम झालं. दोन्ही हात कोपरापर्यंत भरलेले. मालक साबण शोधायला पुढे गेला आणि मी मागच्या दाराने आत शिरलो, डावीकडे वळलो, उंबऱ्याला पाय उचलला, मोरीत गेलो आणि नळ सोडला.

मालक साबण घेऊन दारात उभा. "डॉक्टरसाह्यब, तुमी पह्यले आलते का आमच्या इथं?"

"नाही. का?"

"मंग मोरी कुठं हाय हे कसं मालूम तुमाले? आमच्या घरची मोरी नवीन मानसाले सापडत नाई. इचारतेच सगळे."

मी नळ तसाच सोडून वर पाहिलं. मॅडमच्या मोरीत होती तीच उंच झरोक्याची खिडकी. बाहेर आलो. फ्रिजशेजारी, जिथून मी आत आलो होतो, तिथे मागचं दार. हॉलमध्ये गेलो. हॉलच्या मधोमध, जरा तिरपी, खाट. मी तिला वळसा घालून पुढे गेलो आणि मग माझं मला कळलं की मी तिच्याकडे बघितलंही नव्हतं.

"ही खाट अशी मधे का ठेवली?"

"कूलर हाय न जी त्या खिडकीत. वारा इथंच येते फक्त. सगळ्याईच्या घरी इथंच हाय खाट."

"सगळ्यांच्या म्हणजे?"

"बारा घरं हायेत आमच्या सोसायटीचे. एकच नकाशा, एकच ठेकेदार. वर्ध्याले बी बांधलेत म्हणते त्यानं, पवनार रोडले."

विदर्भात राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. उन्हाळ्यात कूलर जिथे, माणूस तिथे. आणि आजारी माणूस असेल तर त्याची खाट बारा महिने तिथेच. आंधळ्या कुत्र्याने घर पाठ केलं होतं खरं, पण ते घर इथलं होतं. मला एवढा आनंद झाला की ओल्या हाताने मी त्या माणसाचा खांदा धरला.

"इथे कोणाकडे पांढरा, म्हातारा पामेरियन होता का?"

"होता न. शेवटच्या घरी, खुशालबाबाचा. बाबा हापिसात चपराशी होते. कुत्र्याचं नाव साह्यब ठेवलं त्याईनं." तो हसायला लागला. "म्हणे, जिंदगीभर साह्यबाले चाय देल्ली, आता साह्यब माह्या पायाशी बसते."

"पण बाबा तर गेले ना?"

"गेलते. आले न वापस."

"कुठून?"

"दवाखान्यातून जी. पडले, मांडीचं हाड मोडलं. ॲम्ब्युलन्स आली, घरचे सगळे संगं गेले. फाटक उघडं राह्यलं, तं कुत्रं गाडीमांगं गेलं. आल्यावर सुनेनं लय शोधलं त्याले."

पानठेलेवाला खोटं बोलला नव्हता. पल्लवीनेही नाही. 'गेले' हा शब्द जसा सांगितला तसा माझ्यापर्यंत आला होता. मी त्याचं इंग्रजी केलं आणि माती खाल्ली. एका जिवंत माणसाला मी सही करून मारलं होतं.

शेवटच्या घराचं दार सुनेने उघडलं. पाच मिनिटंच बसतो म्हटलं. तेच घर. मधोमध तिरपी खाट, खाटेवर एक किडकिडीत म्हातारा, पायाला वजन टांगलेलं. डोळे मिटलेले. त्याचा हात खाटेवरून खाली लोंबत होता आणि बोटं हलत होती. हवेत, जमिनीपासून वीतभर वर, हळूहळू, कोणाच्या तरी कानामागे खाजवावं तशी.

"रोजचंच हाय हे," सून हळू आवाजात म्हणाली. "अकरा वाजले का हात खाली जाते. बिस्कूट बी ठेवा लागते बशीत. आमाले वाटते, डोक्यावर परिणाम झाला."

मी घड्याळ पाहिलं. मग का केलं ठाऊक नाही, पण मॅडमना फोन लावला.

"मॅडम, मोती काय करतोय?"

"अकरा वाजलेत, डॉक्टर. काय करणार? बसलाय. मान उजवीकडे, पाय आपटतोय."

माझी नजर त्या बोटांवर होती. बोटं थांबली. म्हाताऱ्याने हात वर ओढून छातीवर घेतला.

"झालं," मॅडम फोनवर म्हणाल्या. "उठला."

वीसेक किलोमीटरचं अंतर असेल मधे. दोघांची एकच जुनी सवय, दोघांची एकच वेळ, असं मी स्वतःला समजावलं. तरी बाहेर येऊन दुचाकी सुरू करायला मला तीनदा किक मारावी लागली, आणि गाडी चांगली होती.

मॅडमना सांगणं सर्वांत कठीण गेलं. मी क्रमाने सांगितलं. नकाशा, दार, कूलर, नाव. त्या विज्ञानाच्या बाई, एकेक मुद्द्याला मान हलवत गेल्या. "हो, साहेब म्हणायचे, सिंदीलाही अशीच घरं बांधलीत म्हणून. मी कधी पाहिली नाहीत."

मग त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"म्हणजे ते नव्हते," त्या म्हणाल्या.

त्या रडल्या. शाळा चालवलेली बाई, आवाज न करता रडली. मला फार वाईट वाटलं. पुरावा माझ्या बाजूने होता आणि तरी घरात शिरून काहीतरी चोरल्यासारखं वाटत होतं. फोनवरचा प्रकार मी त्यांना सांगितला नाही.

डोळे पुसून त्यांनी विचारलं, "त्या बाबांना माहीत आहे, हा जिवंत आहे?"

"नाही."

"मग उद्या चला. अकराच्या आत पोचायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी आम्ही ऑटो करून गेलो. मॅडमनी कुत्र्याला दारात खाली ठेवलं. तो चार पावलं सरळ चालला, डावीकडे वळला, खाटेला वळसा घातला आणि उशाकडे जाऊन बसला. त्याच्या नखांचा फरशीवर टकटक आवाज झाला. म्हाताऱ्याने डोळे उघडले नाहीत. हात खाली सोडला, बरोबर उजव्या कानामागे.

"आलास का बाप्पा," तो म्हणाला. "आज पाय वाजले तुये. रोज वाजत नाई."

सुनेने तोंडाला पदर लावला. मी मॅडमकडे पाहिलं. त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या, पण जागच्या हलल्या नाहीत.

"मॅडम, तुमचा हाय आता तो," सून म्हणाली. "तुमी म्हणसान तसं."

"राहू दे त्याले इथंच," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच वऱ्हाडी ऐकली. "बाबा हायेत तोवर. मी दर मंगळवारी येत जाईन."

रविवारी समीर आला. कुत्रा नव्हता, आई नीट बोलत होती, आणि पुण्याला यायला तिच्याकडे मंगळवारी वेळ नव्हता. तो हात हलवत परत गेला. मॅडम एसटीने सिंदीला जात, कुत्र्याला मी नव्याने लिहून दिलेल्या हृदयाच्या गोळ्या नेत, बाबांना पेपर वाचून दाखवत.

थंडी सुरू झाली तेव्हा एका सकाळी सुनेचा फोन आला. "डॉक्टरसाह्यब, बाबा गेले."

माझ्या तोंडून निघून गेलं, "कुठे?"

ती म्हणाली, "आता वापस नाई येत जी."

आठवड्याने मी कुत्र्याला आणायला गेलो. तिथली खाट काढून टाकली होती. तो रिकाम्या फरशीवर वळसा घालत होता. मी उचलून काखेत घेतला तेव्हा त्याने अंग सोडून दिलं. लहान कुत्र्यांबद्दलचा माझा राग नेमका कधी गेला ते सांगता येत नाही, पण त्या दिवशी तो नव्हता.

मॅडमच्या घरी त्याला खाली ठेवला. हॉलमध्ये कूलरच्या खिडकीपुढे, जरा तिरपी, मॅडमनी स्वतःची खाट आणून टाकली होती. मागचं दारही फोडून घेतलं होतं, माकडं शिरतात ती शिरतात.

"तो वळसा घालतेच," त्या म्हणाल्या, "मंग जागा रिकामी काऊन ठेवू?"

दर महिन्याला त्याला तपासायला जातो. हृदय मोठं झालंय, खोकला आहे, पण चाललंय. गेल्या वेळी मॅडम म्हणाल्या, "एक विचारू? अकराला मी त्याच्या डाव्या कानामागे खाजवते, माझा हात तिकडेच पोचतो. तो मान मात्र उजवीकडे झुकवतो."

मी केस पेपरवर लिहिलं, 'सवय'. दुसरा शब्द मला येत नाही.

हिस्टरीचा रकाना आता मी मराठीतच भरतो, सांगणाऱ्याच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे. आणि कोणी म्हणालं 'मालक गेले', की आधी पेन खाली ठेवतो आणि विचारतो, कुठे?